पोपटशेठांची दोन मनगटं

पोपटशेठांना घड्याळ नको होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे काही झालं ते ऐकून जुन्नरात अजूनही लोकांचा असा समज आहे की शेठांना उतारवयात हौस सुटली होती. हौस वगैरे काही नव्हती. बाजारपेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या या माणसाला वेळ कळायला घड्याळ लागतच नसे. समोरच्या गेणभाऊंच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर खडखडलं की सकाळ, शाळा सुटल्याचा गलका आला की संध्याकाळ, आणि आतून चंदाबाईंनी ‘चला, ताट वाढलंय’ अशी हाक मारली की सूर्य मावळायला आला. एवढं कळलं की व्यापारही होतो आणि धर्मही पाळला जातो, असं त्यांचं साधं मत होतं.

पण दोन हजार नऊ सालच्या फेब्रुवारीत भाचा प्रितम दुबईहून आला. आईवडील लवकर गेल्यामुळं प्रितम लहानपणापासून मामाच्याच घरात वाढलेला. दुबईत एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात तो बरीच वर्षं नोकरीला होता. “शिवरात्रीच्या आत परत जायचंय,” असं त्यानं चपला काढता काढताच सांगितलं, चहा घेतला आणि मामापुढं दोन डब्या ठेवल्या.

“मामा, ह्यातलं एक तुमचं. पहिली नोकरी लागली तेव्हा म्हटलं होतं ना, तुम्हाला चांगलं घड्याळ आणीन म्हणून? आवडेल ते ठेवा. राहील ते माझं.”

पोपटशेठांनी डब्या उघडल्या. दोन्हींत घड्याळंच होती, दोन्ही पोलादी, दोन्ही काळ्या तबकडीची. आता इथं त्यांनी न बघता डावीकडची डबी उचलून ‘ही माझी’ म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आयुष्यभर गिऱ्हाइकाला दोन ताग्यांतला फरक समजावून सांगितलेल्या माणसाच्या तोंडून सवयीनं शब्द निघून गेले.

“दोन्हींत फरक काय?”

प्रितमनं फरक सांगायला सुरुवात केली आणि शेठांच्या शांततेचा त्या क्षणी शेवट झाला.

एकाच स्विस कंपनीची, एकाच नावाची ही घड्याळं. समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी बनवलेली. तीनशे मीटर खोल पाण्यात गेली तरी आत थेंब शिरत नाही. यातलं एक साताठ वर्षांनी जुनं आणि दुसरं अगदी नवं. जुन्याचा पट्टा हलका, कडी पातळ पत्र्याची, आणि तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्याचा काळा रंग उडून राखाडी झालेला. नव्याचा पट्टा भरीव, कडी जाडजूड, आणि कडं चिनीमातीचं. त्याला ओरखडा पडत नाही, रंग जात नाही. शिवाय अंधारात काटे निळे चमकतात.

“मग नवंच चांगलं की,” चंदाबाई म्हणाल्या.

“तसं नाही मामी. जाणकार लोक जुन्याला जास्त मान देतात. त्याचा रंग उडालाय ना, त्यालाच किंमत आहे.”

पोपटशेठांना एक साडी आठवली. गेल्या दिवाळीत ओतूरच्या एका बाईनं पहिल्याच धुण्यात रंग गेलेली साडी त्यांच्या काउंटरवर आपटली होती आणि भर बाजारात त्यांचा उद्धार केला होता. त्या बाईला ‘वहिनी, रंग गेलाय त्यालाच तर किंमत आहे’ हे सांगायचं आपल्याला सुचलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. स्वित्झर्लंडमध्ये दुकान टाकायला हवं होतं.

पण खरी अडचण वेगळीच होती. नवं घ्यावं, तर मामा चकचकीत बघून भाळला आणि पोराच्या गळ्यात जुनं मारलं असं दिसणार. जुनं घ्यावं, तर जाणकार म्हणे त्यालाच मान देतात, म्हणजे मामा जास्तच आतल्या गाठीचा निघाला. आणि कुठलंच नको म्हणावं, तर इतक्या लांबून मायेनं आणलेली वस्तू परत केल्यासारखं होणार. शेठांनी तिन्ही बाजूंनी विचार केला आणि तिन्हीकडून दमून ते पुन्हा लोडाला टेकले.

“घाई नाही मामा,” प्रितम म्हणाला. “दोन्ही वापरून बघा चार दिवस.”

म्हणून दुसऱ्या दिवशी पोपटशेठ उजव्या हातात जुनं आणि डाव्या हातात नवं घड्याळ बांधून दुकानात बसले.

भर बाजारात दोन्ही हातांत घड्याळं बांधून बसलेल्या माणसाकडं कुणी दुर्लक्ष करील, ही आशा त्यांनी कशाच्या जोरावर बाळगली होती कोण जाणे. पहिले आले गेणभाऊ. शटर वर करताच त्यांना समोर काहीतरी लकाकताना दिसलं आणि अर्धं शटर तसंच ठेवून ते रस्ता ओलांडून आले.

“शेठ, एक घड्याळ मागं पडतंय का काय?”

शेठांनी सगळं सांगितलं. गेणभाऊंनी दोन्ही घड्याळं तळहातावर घेऊन तोलली, पुन्हा तोलली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. भांड्यांच्या धंद्यात सगळं सरळ असतं. जुनं पातेलं जड म्हणून चांगलं, नवं हलकं म्हणून वाईट. इथं जुनं हलकं आणि नवं जड निघालं होतं.

“हे उलटं झालं शेठ,” ते म्हणाले. “तुमच्या भाच्याला कुणी तरी फसवलंय. जे जुनं म्हणून दिलंय ते नवं असणार, अन् नवं म्हणून दिलंय ते जुनं.”

“आणि रंग?”

“रंग काय, उन्हात ठेवला की उडतो.”

हे मत घेऊन गेणभाऊ गेले आणि दुपारपर्यंत ते पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. मग लोक येऊ लागले. कापड घ्यायला नव्हे, मत द्यायला. एक जण म्हणाला, जुनंच घ्या, जुन्या वस्तूला तोड नाही. स्वतः तो हप्त्यानं घेतलेल्या कोऱ्या मोटारसायकलीवर बसून बोलत होता. दुसऱ्यानं सांगितलं, नवं घड्याळ सदऱ्याच्या बाहीखाली जात नाही, तेव्हा जुनंच घ्या. बँकेतले एक साहेब आले, त्यांनी चष्मा काढून दोन्ही तबकड्या डोळ्यांजवळ नेल्या आणि ‘अभिरुची असलेला माणूस जुनंच घेईल’ असं म्हणून चष्मा पुन्हा लावला. त्यानंतर नव्याचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. आपली अभिरुची बँकेतल्या साहेबांपेक्षा कमी आहे हे चारचौघांत कोण कबूल करणार? दोन दिवसांत सगळं जुन्नर जुन्याच्या बाजूचं झालं.

घरी चंदाबाईंनी मात्र कुणाला न विचारता घड्याळांचा उपयोग करून टाकला. ते फिरतं कडं कशासाठी आहे, असं त्यांनी प्रितमला विचारलं. पाण्याखाली गेल्यावर आपल्याजवळ किती वेळाची हवा उरली आहे हे पाणबुड्या त्यावर बघतो, असं त्यानं सांगितलं. चंदाबाईंनी थोडा विचार केला आणि सामायिकाला, म्हणजे जैनांच्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या ध्यानाला बसताना तेवढी मिनिटं कड्यावर लावून घड्याळ समोर पाटावर ठेवलं. समुद्राच्या तळाशी माणसाचा श्वास मोजायला केलेलं यंत्र जुन्नरात धर्माला लागलं, एवढंच काय ते त्या आठवड्यात चांगलं झालं.

आणि मग नवं घड्याळ बंद पडलं.

एका सकाळी शेठांनी डावं मनगट वर केलं तर काटे मध्यरात्रीच्या आसपास कुठंतरी थांबलेले. गेणभाऊंना हे कळलं तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहवत नव्हता. “सांगितलं नव्हतं? नव्या मालात दमच नाही!” प्रितमनं घड्याळ घेतलं, जरासं हलवलं, काटे लावले, ते चालू झालं. दोन दिवसांनी पुन्हा बंद. मग कुणीतरी सुचवलं म्हणून शेठांनी हात बदलले. नवं उजव्या हातात आणि जुनं डाव्या हातात. नवं झकास चालू लागलं आणि जुनं बंद पडलं.

सगळी पेठ बुचकळ्यात पडली. हा शेठांच्या डाव्या हाताचा ग्रहयोग आहे इथपर्यंत चर्चा गेली. शेवटी प्रितमनं खाली मान घालून, शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं, “मामा, ह्यात सेल नसतो. ही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात. हात हलला की आत चावी बसते.”

“मग?”

प्रितम घड्याळाची काच पुसू लागला. उत्तर चंदाबाईंनी दिलं.

“मग काय? उजव्या हातानं तुम्ही जेवता तरी. डावा सकाळपासून लोडावर असतो.”

पोपटशेठांचा आजवर अपमान झाला नव्हता असं नाही. विक्रीकराच्या ऑफिसात झाला होता, सोयरिकीत झाला होता, ओतूरच्या बाईनं तर नुकताच केला होता. पण सातासमुद्रापलीकडून आलेल्या यंत्रानं दोनदा तपासून, पुराव्यानिशी, ‘हा इसम हलत नाही’ असा निकाल द्यावा, हे त्यांना फार लागलं. बाजूची कळ स्क्रूसारखी आट्यांनी आवळलेली होती. ती उघडून हातानं चावी देता येते, असं प्रितम म्हणाला. पण ती नीट बसली नाही तर पाणी शिरेल असंही म्हणाला, तेव्हा ती रोज उघडायचं धाडस कुणाला झालं नाही. शेठ सकाळी फिरायला जाऊ लागले. हात जरा जास्तच हलवत चालायचे. दवाखान्याच्या कोपऱ्यावर दोघांनी थांबवून विचारलं की खांद्याला काही झालंय का, आणि एकानं वातावर लावायचं तेल घरी पाठवून दिलं. दुकानात नोकराच्या हातातला गज काढून घेऊन ते स्वतः कापड मोजू लागले, दोन्ही हातांनी, आळीपाळीनं. डाव्या हातानं मोजलेलं कापड दर वेळी जरा जास्तच भरत असे. गिऱ्हाइकं खूश होती.

या सगळ्यात शिवरात्र येऊन गेली. घरात कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. जो येई तो घड्याळाचंच बोले.

त्यातच दुकानात आले सावळेराम. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून, पण बोलणं असं की डिंभ्याचं धरण त्यांनी एकट्यानं बांधलं असावं. त्यांच्याबरोबर हौशीराम होता. अवसरी बुद्रुकचा बागायतदार, शेठांचा शाळेपासूनचा दोस्त, लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेला.

“मुळात तुमची कार्यपद्धती चुकली,” सावळेराम म्हणाले. “वस्तू ज्या प्रयोजनासाठी निर्माण झाली, त्याच प्रयोजनात तिची चाचणी झाली पाहिजे. हे घड्याळ पाण्याचं. तुम्ही ते गादीवर तपासता.”

“आन् पानी कुठं लांब हाय?” हौशीराम लगेच उसळला. “चला डिंब्याला! माजी जीप हाय. लई दिस झालं, ध्येरनाकडं गेलो न्हाई.”

“तीनशे मीटर म्हणतायत,” शेठ क्षीण आवाजात म्हणाले. “धरण तेवढं खोल आहे का?”

“निम्मंसुद्धा नाही,” सावळेराम तुच्छतेनं म्हणाले. हा तुच्छतेचा रोख धरणावर होता की घड्याळावर, ते कळलं नाही.

पोपटशेठांना पोहता येत नव्हतं. पोहायचा प्रश्नच नव्हता. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, त्या घरातला माणूस धरणात उतरेल कसा? पण ते इतके थकले होते की नाही म्हणायलासुद्धा जोर लागतो आणि तो आता आपल्यात नाही, हे त्यांना कळून चुकलं. त्यांनी प्रितमकडं पाहिलं. प्रितम म्हणाला, “जाऊ या मामा.” जरा घाईनंच म्हणाला.

ठरल्या दिवशी जुन्नरहून मामाभाचे आणि सावळेराम एसटीनं मंचरला गेले. तिथून हौशीरामच्या जीपमधून घोडेगावमार्गे डिंभ्याला. जीपला मागं दार नव्हतं. दोन्ही घड्याळं मनगटांवर असल्यामुळं शेठांनी सगळा रस्ता दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून काढला आणि खड्डा आला की नवकार मंत्र म्हटला.

धरणावर पहारेकऱ्यानं अडवलं. कशासाठी आलात, असं त्यानं विचारलं. सावळेरामांनी आपली ओळख सांगितली. पहारेकरी नवीन होता. त्याला त्यांच्याबद्दल काही माहिती नव्हती, आणि ही गोष्ट सावळेरामांच्या चेहऱ्यावरून पुढचा तासभर गेली नाही.

“पाण्यात वस्तू सोडायची आसंल तर हापिसातनं परवानगी आना,” पहारेकरी म्हणाला.

ऑफिसात एक सज्जन गृहस्थ बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. इतकं नीट ऐकलं की शेठांनाच सांगताना लाज वाटू लागली. “मला काहीच हरकत नाही,” ते गृहस्थ म्हणाले. “पण नोंद कशाखाली करू? मासेमारी आहे, पाणीउपसा आहे, नौकानयन आहे आणि विसर्जन आहे.”

बराच खल झाला. मासेमारी म्हणावं तर शेठ जैन. उपसा म्हणावं तर काही उपसायचं नाही. शेवटी सावळेरामांनी अनुभवाच्या बळावर निकाल दिला, “विसर्जन लिहा.”

“मूर्तीची उंची?”

शेठांनी दोन्ही मनगटं टेबलावर ठेवली. त्या गृहस्थांनी बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं. मग शेठांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “शेठजी, मागच्या बाजूला काठानं जा. कोळ्यांच्या होड्या आहेत. मी काही पाहिलेलं नाही.”

होडीवाल्याचं नाव कुशाबा. त्यानं काही विचारलं नाही. शहरातून येणारी माणसं काहीही करतात, याची त्याला सवय असावी. त्यानं एक जाळीची पिशवी दिली, तिला दगड बांधला, दोरी बांधली. शेठ काठावरच राहणार होते, पण हौशीरामनं त्यांना बकोटीला धरून होडीत बसवलं. “शेठ, वस्तू तुमची अन् काठावरनं काय बघताय?” होडी हलली तसे शेठ दोन्ही हातांनी फळी धरून बसले. पाण्याच्या मध्यावर प्रितमनं घड्याळं पिशवीत ठेवली. शेठांनी हात जोडले, आपल्यामुळं पाण्यातल्या ज्या जीवांना त्रास होईल त्यांची ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून माफी मागितली, आणि पिशवी खाली गेली.

दोरी संपेपर्यंत गेली. मग सगळे नुसते बसून राहिले. वारा होता. हौशीरामनं एक बिडी ओढून संपवली. सावळेराम घोड नदीचा इतिहास सांगत होते.

पिशवी वर आली तेव्हा दोन्ही घड्याळं चालत होती. दोन्हींत थेंब नव्हता. दोन्ही सारखीच वेळ दाखवत होती.

“मंजे?” हौशीराम म्हणाला. “काय ठरलं?”

काहीच ठरलं नव्हतं. एवढा प्रवास करून, एका सरकारी माणसाला खोटं बोलायला लावून आणि अगणित जीवांना त्रास देऊन पोपटशेठ जिथं होते तिथंच होते. फक्त आता त्यांची पाठही दुखत होती.

“थांबा, थांबा,” हौशीराम नवं घड्याळ डोळ्यांशी नेत म्हणाला. तारखेच्या खिडकीवर बारीक भिंग होतं. “ह्याच्यात येकतीस तारीक दिसतीया. आज तर तीन मार्च.”

सावळेरामांनी घड्याळ हिसकावून घेतलं. मग जुनं पाहिलं. त्यातही एकतीसच. “पाणी शिरलं!” ते विजयी मुद्रेनं म्हणाले. “दोन्हींत शिरलं! फेब्रुवारीची एकतीस तारीख! दोन्ही बाद!”

“पाणी नाही शिरलं,” प्रितम म्हणाला. “ह्याला महिना कितीचा ते कळत नाही. दर महिना एकतीसचाच धरतं. फेब्रुवारी संपला की आपण हातानं तारीख पुढं लावायची असते.”

फेब्रुवारी संपला, हे शब्द पोपटशेठांच्या कानात राहून गेले. होडी काठाला लागेपर्यंत त्यांनी एकदाही फळी धरली नाही. ते प्रितमकडं बघत होते.

काठावर कुशाबाच्या घरी माशाचं कालवण शिजत होतं. हौशीराम आणि सावळेराम वासामागं निघून गेले. मामाभाचे लांब एका आंब्याखाली बसले आणि शेठांनी चंदाबाईंनी दिलेला दशम्यांचा डबा उघडला. दोघांनी एकेक दशमी घेतली. प्रितम ती हातात धरून नुसता पाण्याकडं बघत राहिला.

“शिवरात्रीच्या आत जायचं होतं तुला,” शेठ म्हणाले.

“हो.”

“मग?”

प्रितमनं उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की शेठांना उत्तर कळून गेलं.

“कंपनी बंद झाली मामा. तिकडं सगळंच थांबलंय. अर्ध्या बांधलेल्या इमारती तशाच उभ्यात. आम्हाला सगळ्यांना घरी जा म्हणाले. शेवटचे पगार द्यायला मालकाकडं पैसे नव्हते, तर त्यानं स्वतःच्या कपाटातलं ते नवं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. जुनं मी मागं चांगले दिवस होते तेव्हा घेतलेलं. एवढंच घेऊन आलो.”

“आल्या दिवशी का नाही बोललास?”

“बोलणार होतो. पण डब्या उघडल्या आणि तुम्ही फरक विचारलात. मग गेणभाऊ आले, मग सगळे आले. जो तो घड्याळाचं विचारायचा. तू कधी जाणार, काय करणार, असं कुणी विचारलंच नाही.” तो थोडा हसला. “मला बरं वाटत होतं मामा. सगळे घड्याळाकडं बघत होते तोवर माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.”

पोपटशेठांना बोलायचं बरंच होतं. इतके दिवस हे पोर आपल्या समोर, आपल्याच ताटाशेजारी बसून जेवत होतं आणि आपण मनगटाकडं बघत बसलो, हे म्हणायचं होतं. पण या गोष्टी बोलायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. त्यांनी चटणीची डबी पुढं सरकवली.

“चटणी घे. कोरडी खाऊ नको.”

दशमी संपल्यावर त्यांनी विचारलं, “विकली तर दोन्हींत मिळून काही उभं राहील?”

“एक विकणार होतो. एक तुमचं आहे.”

“मी काय विचारलं?”

“राहील,” प्रितम म्हणाला. “मंचरला ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकावं असं मनात होतं. हौशीरामकाका म्हणत होते, तिकडं मागणी आहे. पण मामा, एक तुम्हाला घ्यावंच लागेल. मी शब्द दिलाय.”

शेठांनी डबा बंद केला. त्यांनी उभ्या आयुष्यात अशी गिऱ्हाइकं पाहिली होती, की सगळं कपाट खाली उतरवायला लावतात, पन्नास तागे उलगडायला लावतात, चहा पितात आणि पदर झटकून ‘नाही बाई, पसंत नाही’ म्हणून चालू लागतात. अशा गिऱ्हाइकांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. आपल्याला एक दिवस तसंच वागावं लागेल, हे मात्र ध्यानीमनी नव्हतं.

जीप घोडेगावच्या बाहेर पडली तेव्हा शेठांनी घसा खाकरला. दोन्ही घड्याळं हातातून काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “प्रितम, धर ही तुझी घड्याळं. मला दोन्ही पसंत नाहीत.”

हौशीरामनं ब्रेक दाबला. “आँ? आरं पन ध्येरनात बुडवून आनली की!”

“बुडवली म्हणूनच सांगतो. एक वजनानं हात मोडतं, दुसऱ्याचा रंग गेलेला. महिना कितीचा ते दोघांनाही कळत नाही. आणि माझ्यासारख्या बैठ्या माणसाच्या हातात दोन्ही बंद पडतात. मला ही चालवता येत नाहीत. नकोत.”

“मामा, असं नका…” प्रितमनं घड्याळं परत त्यांच्या हातात कोंबायला पाहिलं.

“गिऱ्हाइकाला पसंत नाही म्हणजे नाही. तू काय जबरदस्ती करणार?” शेठ बाहेर बघत म्हणाले. “घेणारा बघ कुणी तरी पुण्यात.”

सावळेराम कान टवकारून बसले होते. ते सगळं साठवून घेत होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत जुन्नरात कळायचं राहिलं नाही, की पोपटशेठांना भाच्यानं परदेशी घड्याळ दिलं, पण शेठांचा हात हलत नाही म्हणून त्यांना घड्याळानंच नाकारलं. ‘घड्याळानंच नाकारलं’ ही सावळेरामांची भर. लोकांना ती फार आवडली. गेणभाऊ रोज शटर उघडताना समोरून ओरडत, “शेठ, हलताय ना?” बँकेतले साहेब भेटले, म्हणाले, “अशा वस्तूला मुळात पारखी नजर लागते हो,” आणि सहानुभूतीनं खांद्यावर हात ठेवून गेले. पोपटशेठ सगळ्यांना एकच सांगत, “खरंय. जमलं नाही आपल्याला.” असं म्हणणं त्यांना सुरुवातीला फार जड गेलं. मग सवय झाली.

प्रितमनं दोन्ही घड्याळं पुण्यात विकली. तो परत का आला, हे विचारायला लोकांना उशिरा सुचलं, आणि तोवर चंदाबाईंनी पेठेतल्या चार बायकांना सांगून ठेवलं होतं की पोराचं मनच लागेना तिकडं, म्हणून आम्हीच ठेवून घेतलं. पाडव्यानंतर मंचरला दुकान सुरू झालं. नारळ फोडायला हौशीराम होता आणि पहिली ऑर्डर त्याचीच होती.

त्या दिवशी मंचरहून परत येऊन पोपटशेठ दिवसाउजेडी जेवायला बसले. चंदाबाईंनी ताट वाढलं, पोळीवर तूप घातलं आणि समोर बसल्या.

“एक विचारू? आता तर ती गेलीत. खरं सांगा, तुम्हाला कुठलं आवडलं होतं?”

शेठांनी दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. खिडकीकडं पाहिलं.

“नवं,” ते म्हणाले.

“एवढं जड?”

“जड होतं म्हणूनच. आणि ते चमकायचं. रात्री मी चादर डोक्यावरून घेऊन बघायचो.” ते जरा थांबले. “गेणभाऊला सांगू नकोस.”

चंदाबाईंनी आणखी एक पोळी वाढली. मग आवाज खाली आणून, आपणच काही गुन्हा कबूल करतोय अशा थाटात, म्हणाल्या, “मलापण नवंच आवडलं होतं. पण बोलायचं कुणापाशी? सगळं जुन्नर जुन्याच्या बाजूचं.”